काशीच्या फोटोत काशी कुठंय?

पुरे झालं आता, फोटोग्राफरांनो! काशीला जायचं आणि फोटोत काशीच नाही? मणिकर्णिका घाटावर, जिथे प्रेतं जाळतात, शटर दोन सेकंद उघडं ठेवायचं, चितेच्या ज्वाळांच्या रेघा ओढायच्या आणि म्हणायचं, प्रयोग केला. अहो, तिथे कुणाचा तरी बाप जळतोय! शेजारचं रत्नेश्वराचं देऊळ मुळातच कललेलं. तुम्ही कॅमेराही तिरका धरलात, तर त्याचं कलणं दिसायचं कसं? दशाश्वमेध घाटाची आरती डबल एक्स्पोजरमध्ये (एकावर एक दोन फोटो!), पंचगंगा घाट काचेच्या गोळ्यात उलटा, नावाडी नुसता काळा ठिपका. अहिल्याबाईंनी १७८० मध्ये विश्वनाथाचं देऊळ पुन्हा उभारलं, त्या नगरीतला एक दगड तरी नीट दिसू द्याल? आधी पायऱ्यांवर तासभर बसा. नावाड्याशी बोला. आणि चितेसमोर तो कॅमेरा खाली ठेवा हो!