ख्रिसमस हॅमचा तो व्हायरल मेसेज: एकेक मुद्दा घेऊन बघूया

डिसेंबर लागला की इकडे अमेरिकेतल्या मराठी ग्रुप्सवर ग्लेझ्ड हॅमबद्दलचा (डुकराच्या तंगडीचं मांस, वर साखरेच्या पाकाचा चकचकीत थर म्हणजे ग्लेझ देऊन भाजलेलं) एक लांबलचक मेसेज फिरायला लागतो. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. त्यात म्हटलंय की हॅम आतून गुलाबी दिसलं म्हणजे कच्चं, त्यामुळे पॅकेटवर काहीही छापलेलं असो, गुलाबी रंग जाईपर्यंत शिजवा. त्याआधी रात्रभर पाण्यात भिजवा आणि उकळून घ्या. वरून कोक ओता म्हणजे मांसातले किडे बाहेर येतात. ग्लेझ अगदी सुरुवातीलाच लावा आणि ओव्हन ४०० डिग्री फॅरनहाइटवर ठेवा म्हणजे ते आतपर्यंत मुरतं. 'अनक्युअर्ड' लिहिलेलं घेतलंत तर नायट्राइटची, म्हणजे मांस मुरवताना घालतात त्या रसायनाची, काळजी नाही. आणि शेवटी, हॅम खारवलेलं असतं तेव्हा जेवण झाल्यावर रात्रभर टेबलवर राहिलं तरी काही होत नाही.

मला याचा खरंच राग येतो, कारण हा मेसेज वाचणारे बरेच जण पहिल्यांदाच हॅम करत असतात, मुलांनी हट्ट धरला म्हणून किंवा सुनेच्या माहेरचे जेवायला येणारेत म्हणून, आणि आठ-नऊ पाउंडांचा महागडा तुकडा आणून ते मनापासून सगळं मेसेजबरहुकूम करतात. पहिल्या मुद्द्यांनी फक्त जेवण बिघडतं. शेवटच्या मुद्द्याने पाहुणे आजारी पडू शकतात. म्हणजे जिथे घाबरायचं कारण नाही तिथे घाबरवलंय आणि जिथे खरा धोका आहे तिथे बिनधास्त राहा म्हणून सांगितलंय.

मुद्द्यांकडे वळण्याआधी एक गोष्ट, कारण सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. दुकानात हॅम म्हणून एकच वस्तू नसते. अमेरिकन सुपरमार्केटमध्ये डिसेंबरात ढिगाने रचलेलं असतं ते मिठाचं पाणी टोचून मुरवलेलं, बहुतेक वेळा धुरी दिलेलं आणि कारखान्यातच पूर्ण शिजवलेलं हॅम, त्यावर 'फुल्ली कुक्ड' असं स्पष्ट छापलेलं असतं. दुसरं कंट्री हॅम, व्हर्जिनिया, केंटकी, टेनेसी, नॉर्थ कॅरोलायना या भागातलं, कोरडं मीठ चोळून महिनोन् महिने टांगून वाळवलेलं. सरकारी नियमाप्रमाणे त्याचं वजन ताज्या मांसापेक्षा किमान १८ टक्के कमी व्हावं लागतं आणि त्यात किमान ४ टक्के मीठ असावं लागतं. तिसरं म्हणजे फ्रेश हॅम, डुकराची मागची तंगडी, न मुरवलेली, पूर्ण कच्ची. याशिवाय ब्रिटनमध्ये गॅमन मिळतं, ते मुरवलेलं असतं पण कच्चं, म्हणून तिथे ते आधी पाण्यात शिजवतात आणि मग ग्लेझ लावून ओव्हनमध्ये घालतात. आता मेसेज परत वाचा. भिजवा हे कंट्री हॅमचं, उकळा हे ब्रिटिश गॅमनचं, शिजवा हे फ्रेश हॅमचं, आणि रात्रभर बाहेर राहतं हेही कंट्री हॅमचंच. कुठल्या ना कुठल्या हॅमबद्दल यातलं बरंच काही खरं आहे, पण तुमच्या ट्रॉलीत जे आहे त्याबद्दल नाही.

आता गुलाबी रंग. मुरवताना जे नायट्राइट घालतात ते मांसातल्या मायोग्लोबिन या लाल रंगद्रव्याशी जोडलं जातं आणि उष्णता लागली की तो गुलाबी रंग पक्का होतो. म्हणजे शिजलेलं हॅम गुलाबीच दिसणार, आणि तो रंग घालवायला तुम्ही ते ओव्हनमध्ये चार तास ठेवलंत तरी तो जाणार नाही, फक्त आतलं पाणी जाईल आणि मांसाचे दोरे होतील. फ्रेश हॅम शिजल्यावर मात्र रोस्ट पोर्कसारखं फिकट राखाडी होतं, कारण त्यात नायट्राइट नसतं. तेव्हा रंगावरून ठरवूच नका, थर्मामीटर घ्या. अमेरिकेच्या कृषी खात्याचे आकडे असे आहेत: कारखान्यातून सीलबंद आलेलं फुल्ली कुक्ड हॅम थंडसुद्धा खाता येतं, गरम करायचं असेल तर आतलं तापमान १४० फॅरनहाइट म्हणजे ६० सेल्सियस. फ्रेश हॅम किंवा 'कुक बिफोर ईटिंग' लिहिलेलं असेल तर १४५, म्हणजे ६३ सेल्सियस, आणि त्यानंतर किमान तीन मिनिटं तसंच ठेवायचं. पूर्वी पोर्कच्या अख्ख्या (खिमा न केलेल्या) तुकड्यांना १६० सांगायचे, २०११ साली ते १४५ केलं. सील फोडून दुकानात परत पॅक केलेलं हॅम असेल किंवा उरलेलं असेल तर १६५.

गुलाबी पोर्कची भीती आपल्याकडे कुठून आली असेल ते मला समजतं. गोव्यात किंवा वसई-वांद्र्याच्या ईस्ट इंडियन घरांत ख्रिसमसचं सोरपोतेल, विंदालू होतं ते कच्च्या पोर्कचं, आणि तिथे पूर्ण शिजवणं बरोबरच आहे. तोच नियम आधीच शिजलेल्या हॅमला लावला की ते वाया जातं.

भिजवण्याबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही. कंट्री हॅम खूप खारट असतं, ते चार ते बारा तास किंवा जास्तही, फ्रीजमध्ये ठेवून भिजवतात आणि मग शिजवतात, ते योग्यच. साधं हॅम भिजवून उकळलंत तर त्यातली चव आणि धुराचा वास पाण्याबरोबर सिंकमध्ये जातो. खारटपणाची काळजी असेल तर लेबल वाचा. नुसतं 'हॅम' लिहिलेल्यात पाणी सगळ्यात कमी, मग 'विथ नॅचरल ज्यूसेस', मग 'वॉटर ॲडेड', आणि 'हॅम अँड वॉटर प्रॉडक्ट' म्हणजे बाहेरून घातलेलं पाणी सगळ्यात जास्त, त्याचे टक्के तिथेच छापलेले असतात. ग्लेझ लावून भाजायचं तर पहिल्या दोनपैकीच घ्या असं माझं ठाम मत आहे, बाकीच्यांतून ट्रेमध्ये इतकं पाणी सुटतं की बाहेरचा भाग भाजल्यासारखा होतच नाही.

कोक आणि किडे. हे साफ खोटं आहे. ज्याची भीती घालतात त्या ट्रायकिनेला नावाच्या परजीवी कृमीच्या अळ्या मांसाच्या तंतूंमध्ये गुंडाळी करून बसलेल्या असतात, इतक्या बारीक की बघून कळत नाही, आणि त्या कशालाही घाबरून सरपटत बाहेर येत नाहीत. त्या मरतात उष्णतेने, १४५ च्या बऱ्याच आधी. कोक घालून ग्लेझ करा, छान होतं, साखर आणि आंबटपणा दोन्ही मिळतात, पण ते चवीसाठी.

आता ग्लेझ, कारण जेवणाची मजा इथे ठरते. ग्लेझ आत मुरत नाही. साखरेचा घट्ट पाक आहे तो, वरच्या चरबीवर बसतो आणि तिथेच राहतो, तुम्ही आधी लावा की नंतर. मधातलं फ्रुक्टोज तर साध्या साखरेच्याही आधी करपायला लागतं, म्हणजे ४०० डिग्रीवर पहिल्या मिनिटापासून ग्लेझ लावून ठेवलंत तर आत हॅम अजून फ्रीजइतकंच गार असतं आणि वर काळं कडू कवच तयार झालेलं असतं. मग लोक वरचं काढून टाकतात, म्हणजे ज्यासाठी एवढं केलं तेच कचऱ्यात.

बरोबर पद्धत सोपी आहे. ओव्हन ३२५ डिग्री, हॅमची कापलेली बाजू खाली, ट्रेमध्ये कपभर पाणी किंवा सफरचंदाचा रस, आणि वरून फॉइल घट्ट. हाडासकट अर्ध्या हॅमला, म्हणजे पाच ते सात पाउंडांच्या तुकड्याला, पाउंडामागे १८ ते २४ मिनिटं लागतात. स्पायरल कट म्हणजे आधीच गोल गोल चकत्या पाडलेल्याला १० ते १८ मिनिटं, आणि ते फार पटकन कोरडं पडतं कारण प्रत्येक चकतीच्या फटीतून वाफ जाते, म्हणून त्याला फॉइल अजिबात विसरू नका. (हे चकत्या पाडायचं मशीन डेट्रॉइटच्या हॅरी होन्सेलारने काढलं, पेटंट १९५२ चं, आणि पुढे १९५७ मध्ये त्यानेच हनीबेक्ड हॅमचं दुकान सुरू केलं. वाढायला सोयीचं आहे यात वादच नाही, पण निवांत वेळ असेल तर मी अख्खंच घेईन.) अख्ख्यावर चरबीत पाव इंच खोल, इंचभर अंतरावर शंकरपाळ्यासारखे काप द्या म्हणजे ग्लेझ त्या खाचांत धरून राहतं, नाहीतर चरबी वितळली की ते घसरून ट्रेमध्ये जमा होतं. खाली मांसापर्यंत कापू नका. आवडत असेल तर प्रत्येक चौकटीत एक लवंग टोचा.

थर्मामीटर १२५-१३० च्या आसपास आला, हाडाला टोक न लावता बरं का, की बाहेर काढा, फॉइल उघडा आणि आता ग्लेझ लावा. आठ पाउंडांना एक कप ब्राउन शुगर, पाव कप डिजॉन मस्टर्ड, दोन-तीन चमचे सफरचंदाचं व्हिनेगर, हे गॅसवर घट्ट होईपर्यंत आटवायचं, मीठ अजिबात नको कारण हॅममध्ये भरपूर आहे. ब्राउन शुगरऐवजी इंडियन दुकानातला चिक्कीचा नव्हे, साधा गूळ आणि संत्र्याचा रस घेतलात तर मला जास्त आवडतं, गुळाचा तो किंचित खारट-तुरट वास धुराच्या वासाबरोबर फार सुंदर जमतो. मग ओव्हन ४०० वर. हो, मेसेजमधलं ४०० इथे कामाला येतं, फक्त शेवटची दहा-पंधरा मिनिटं, मध्ये एकदा परत ब्रश फिरवायचा आणि तिथेच उभं राहायचं, फोन घेऊन बसायचं नाही. १४० झालं की काढा, पंधरा-वीस मिनिटं तसंच राहू द्या आणि मग कापा.

अनक्युअर्डचं. त्या पॅकेटवर खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की नायट्राइट घातलेलं नाही, सेलरी पावडरमध्ये नैसर्गिकरीत्या असलेलं सोडून. सेलरीतल्या नायट्रेटचं नायट्राइटच होतं, म्हणून तर तेही हॅम गुलाबी असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस कॅन्सरकारक गटात टाकलं, रोज ५० ग्रॅममागे मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका साधारण १८ टक्क्यांनी वाढतो असं सांगितलं, आणि त्यातून सेलरीवालं हॅम वगळलेलं नाही. हे रोजच्या खाण्याबद्दल आहे, तेव्हा ख्रिसमसच्या दोन चकत्यांची धास्ती घ्यायला नको, पण मुलांच्या डब्यात रोज हॅम सँडविच जात असेल आणि तुम्ही अनक्युअर्ड म्हणून निश्चिंत असाल तर कृपया फेरविचार करा.

आणि आता शेवटचा मुद्दा, ज्याच्यासाठी मुख्यतः हे लिहायला बसले. मीठ आहे म्हणून बाहेर टिकतं. न कापलेलं अख्खं कंट्री हॅम टिकतं, वर्षभरसुद्धा, कारण ते वाळलेलं असतं. तुमच्या टेबलवरचं हॅम ओलं आहे आणि त्यातलं मीठ ते बाहेर टिकवायला पुरेसं नाही. उलट मिठामुळे एक वेगळीच अडचण होते. स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाचा जिवाणू बऱ्याच निरोगी माणसांच्या नाकात आणि त्वचेवर असतो, त्याला मीठ चालतं, बाकीचे जिवाणू मिठाने मागे पडतात आणि याला मैदान मोकळं मिळतं. कापताना, वाढताना, मुलांनी हाताने चकती उचलताना तो हॅमवर येतो आणि खोलीच्या उबेत वाढून विष तयार करतो. ते विष उष्णतेने जात नाही. दुसऱ्या दिवशी कितीही कडक गरम करा, जिवाणू मरतील, विष तसंच राहील, आणि वासावरून किंवा चवीवरून काही कळणार नाही. काही तासांतच उलट्या सुरू होतात. लहान मुलं आणि घरातले आजी-आजोबा यांना त्याचा जास्त त्रास होतो.

आपल्या पॉटलकांमध्ये जेवण पाचला मांडतात आणि गप्पा, गाणी, अंताक्षरी करत अकरापर्यंत सगळं टेबलवरच असतं. नियम दोन तासांचा आहे, बाहेर ९० फॅरनहाइटच्या वर गरम असेल तर एकच तास. लोक म्हणतात सोरपोतेल नाही का दोन-तीन दिवस मुरवतात, पण त्यात भरपूर व्हिनेगर असतं आणि रोज उकळी देतात, हॅममध्ये यातलं काहीच नाही. ऑस्ट्रेलियात हॅम कापडी पिशवीत ठेवतात हे खरं, पण ती पिशवी व्हिनेगरच्या पाण्यात भिजवून पिळलेली असते आणि फ्रीजमध्येच असते.

म्हणून थोडं थोडं वाढा, बाकीचं फ्रीजमध्ये. जेवणं झाली की हाडावरून मांस सोडवून उथळ डब्यांत भरा, अख्खा गोळा तसाच फ्रीजमध्ये सारला तर मधला भाग गार व्हायला फार वेळ लागतो. फ्रीजमध्ये तीन-चार दिवस, फ्रीझरमध्ये महिना-दोन महिने चव चांगली राहते. हाड टाकू नका, त्याचं वाटाण्याच्या डाळीबरोबर सूप अप्रतिम होतं. आणि तो मेसेज तुम्ही पुढे पाठवला असेल तर आजच त्याच ग्रुपवर निदान हा दोन तासांचा नियम टाका, पाहुणे यायच्या आधी.