रिपोर्ट नॉर्मल आलाय, तो गोळीमुळे

काल मार्केट यार्डाजवळच्या मेडिकलमध्ये उभी होते. शेजारी एक पंचविशीतली मुलगी आईबरोबर आली होती. आई दुकानदाराला म्हणाली, "थायरॉईडच्या गोळ्यांची बाटली नको आता, रिपोर्ट नॉर्मल आलाय हिचा." मला राहवलं नाही. त्या मावशींना बाजूला घेऊन दहा मिनिटं बोलले. घरी आल्यावर वाटलं, निम्मं सांगायचं राहूनच गेलं. म्हणून लिहितेय.

कारण हीच चूक सहा वर्षांपूर्वी मी केली आहे. टीएसएच (रक्ततपासणीतला आकडा, थायरॉईडचं काम कमी पडलं की तो वाढतो) चारच्या आत, म्हणजे नॉर्मल आला होता. घरातल्याच एका जाणत्या बाईंनी सांगितलं, "आता बरी झालीस की, कशाला गोळीची सवय लावून घेतेस?" मलाही तेच ऐकायचं होतं. बाटली कपाटात ठेवून दिली. पहिला महिना काहीच कळलं नाही, कारण हे औषध शरीरातून हळूहळू उतरतं. चौथ्या महिन्यात, भर एप्रिलात, सांगलीत बाहेर पाय ठेववत नाही असं ऊन, आणि मी पंखा बंद करून शाल घेऊन बसलेली. सकाळी चेहरा सुजलेला. अंगठी निघेना, आईंनी (सासूबाईंनी) साबणाचा फेस लावून कशीबशी काढली. त्या काही बोलल्या नाहीत, नुसता माझा हात धरून बसल्या. टीएसएच ४८ आला.

आपण "थायरॉईड झालाय" म्हणतो. थायरॉईड तर प्रत्येकाच्या गळ्यात असतो, फुलपाखरासारखी एक ग्रंथी. मला झालाय तो हाशिमोटो. जंतूंशी लढायचं काम असलेल्या आपल्याच पेशी या ग्रंथीला परकी समजून वर्षानुवर्षं पोखरत राहतात. १९१२ साली हाकारू हाशिमोटो या जपानी डॉक्टरांनी चार बायकांच्या ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून हे पहिल्यांदा लिहिलं. पुढे ते गावी परतून साधा दवाखाना चालवत राहिले, हे वाचल्यापासून मला ते फार जवळचे वाटतात. ग्रंथी पोखरली की ती बनवते ते हार्मोन कमी पडतं. गोळी म्हणजे तेच हार्मोन. ती पोखरण थांबवत नाही, कमी पडलेलं भरून काढते. रिपोर्ट नॉर्मल येतो तो या भरपाईमुळे. गोळी कमी करायची, वाढवायची की कधी थांबवून बघायची, हे डॉक्टर ठरवतील. शेजारीण नाही, आणि आपणही नाही.

दुसरी चूक तर रोजची होती. गोळी पुन्हा सुरू झाली, डोस वाढत गेला, तरी टीएसएच खाली येईना. मिरजेतल्या एका डॉक्टरबाईंनी शेवटी विचारलं, "गोळी घेता कशी, ते सांगा." मी म्हटलं, पहाटे चहाबरोबर, आणि लगेच कॅल्शियमची. त्यांनी पेन खाली ठेवलं. चहाने गोळी नीट शोषली जात नाही, आणि ही गोळी नि कॅल्शियम-लोहाच्या गोळ्या यांच्यात चार तासांचं अंतर हवं, हे तोवर मला कुणी सांगितलंच नव्हतं. आता उठल्या उठल्या नुसत्या पाण्याबरोबर गोळी, आणि चहा तासाभराने. आमच्या घरात पहाटेचा चहा सगळ्यांनी मिळून घ्यायची रीत. पहिले काही दिवस फार जड गेलं. मग आईंनीच चहाची वेळ पुढे ढकलली. डोस तोच ठेवून दोन महिन्यांनी टीएसएच ३.१.

सासऱ्यांची सगळी हयात हळदीच्या व्यापारात गेली. त्यांनी मायेने सांगितलं, हळदीचं दूध घे, सगळं जाईल. घेते मी, रात्री, चवीनं. पण हळदीत ते हार्मोन नाही, हे त्यांना समजावून सांगितलं आणि त्यांनी ऐकून घेतलं. आयोडीनच्या मिठाचंही तसंच. आयोडीनच्या कमतरतेने गलगंड होतो हे खरं, पण हाशिमोटो त्यामुळे होत नाही. मनाने जादा आयोडीन घेतलं तर उलट त्रास वाढू शकतो.

एका गोष्टीचा मात्र अजून राग येतो. निदान व्हायच्या आधी दोन वर्षं मी "आळशी" होते. केस झडत होते, बद्धकोष्ठ होतं, पाळीला अंगावरून फार जायचं, दुपारी भांडी घासतानाच डोळे मिटायचे. माहेरी, सासरी, शाळेच्या स्टाफरूममध्ये, सगळीकडे एकच निदान: हिला कामाचा कंटाळा. मीही ते खरं मानलं होतं. एक साधी रक्ताची तपासणी दोन वर्षं कुणाला सुचली नाही. घरातली धडधाकट बाई अचानक मंदावली तर टोमणा मारायच्या आधी टीएसएच करून घ्या. दिवस गेल्यावर तर लगेच डॉक्टरांना सांगा, तेव्हा डोस बहुधा वाढवावा लागतो. आणि लग्न ठरवताना ही बाटली लपवायला लावू नका हो. सासरी चोरून घ्यायची गोळी रोज वेळेवर कशी घेतली जाणार?

हा आजार घराण्यात असू शकतो. माझी मोठी बहीण गेले वर्षभर म्हणतेय, "वय झालं गं, दमायला होतं." वय बेचाळीस! रविवारी ती आटपाडीहून येतेय. या तपासणीला उपाशी राहावं लागत नाही, तरी सोमवारी सकाळी आधी रक्त द्यायला नेणार आहे तिला, मग नाश्ता.