वहीच्या मागच्या पानावर

रोज रात्री दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टी लिहून काढा, हा शिक्षकांसाठीच्या एका लेखातला सल्ला वाचून आधी हसूच आलं. पेपरांचा गठ्ठा तपासून झाल्यावर पुन्हा पेन धरायची इच्छा कोणाला असते? आणि रोजची सक्ती झाली की तोही गृहपाठच. एमन्स आणि मॅकला या मानसशास्त्रज्ञांच्या कृतज्ञतेवरच्या २००३ सालच्या प्रसिद्ध अभ्यासातल्या एका प्रयोगात तर लोकांनी आठवड्यातून एकदाच, फार तर पाच गोष्टी लिहिल्या होत्या. तेवढ्यानेही त्यांना आपलं आयुष्य बरं वाटू लागलं होतं. मला हा हिशोब जास्त झेपतो.

मी गणित शिकवते. माझ्या हजेरीवहीच्या मागच्या पानावर शुक्रवारी दोन-तीन ओळी खरडते. गेल्या आठवड्यातली एक: अपूर्णांकांची बेरीज करताना छेदांचीही बेरीज करणारा मुलगा (वर्षभर हेच चाललं होतं!) मध्येच थांबला, स्वतःच खोडलं आणि माझ्याकडे न बघता पुढे गेला. शाबासकीसुद्धा नको होती त्याला. मी उगाचच खिडकी लावायला उठले, कारण चेहऱ्यावरचं हसू लपेना.

बाकीच्या नोंदी किरकोळ आहेत. ऑफ तास खरंच ऑफ मिळाला. खडू मोडला नाही.

एक तक्रार मात्र आहे. लेखात शिक्षकाच्या 'सकारात्मक दृष्टिकोना'वर फार भर आहे. तास कमी करा, माहितीचे तक्ते भरायला लावणं थांबवा, मग बघा आम्हाला किती काय काय दिसतं ते.