‘दोनदा अलाइनमेंट करूनही गाडी डावीकडेच ओढते’ या तक्रारीला गॅरेजमालकाचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा अभिप्राय काल रात्री दुकान बंद केल्यावर वाचला. ‘दोनदा अलाइनमेंटचे पैसे घेतले, गाडी अजून डावीकडेच ओढते, आता म्हणतात पुढचे दोन्ही टायर बदला. यांना फक्त टायर विकायचे आहेत,’ असं तुम्ही लिहिलंय. तुमचा राग समजतो. त्यातली आमची चूक आधी सांगतो.

तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा ‘गाडी डावीकडे ओढते, अलाइनमेंट करून द्या’ म्हणालात. आमच्या मुलाने जॉब कार्डवर फक्त ‘अलाइनमेंट’ एवढंच लिहिलं. तुमची खरी तक्रार कार्डावर आलीच नाही. मग गाडी सरळ चाकांचे कोन मोजणाऱ्या अलाइनमेंट मशीनवर चढली, आधी कोणी ट्रायल मारली नाही. गाडी ओढते म्हणून आलेल्या माणसाला आधी शेजारी बसवून गाडी चालवून बघायची, हा आमच्याकडचा जुना नियम. तो त्या दिवशी पाळला गेला नाही.

तुमच्या पहिल्या अलाइनमेंटचा कागद आता समोर घेऊन बसलोय. पुढच्या डाव्या चाकाचा कॅम्बर, म्हणजे समोरून बघताना चाकाचा आत-बाहेर कल, उणे २० मिनिटं (एका अंशाची ६० मिनिटं), उजव्याचा उणे २५. दोन्हींत साधारण अर्ध्या अंशाचा, म्हणजे ३० मिनिटांचा फरक पडला की गाडी ओढू लागते. तुमच्या गाडीत फरक फक्त ५ मिनिटांचा. कॅस्टरही, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा बाजूने दिसणारा मागे-पुढे कल, दोन्हीकडे जवळजवळ सारखा. बिघडलेला होता तो फक्त टो, म्हणजे वरून बघताना चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलीत ते, आणि तो आम्ही नीट केला. पण टो बिघडला की सरळ रस्त्यावर स्टेअरिंग वाकडं राहतं आणि टायरच्या कडा झिजतात, त्याने गाडी सहसा ओढत नाही. स्टेअरिंग वाकडं असणं आणि गाडी ओढणं या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. तुमच्यासारख्या बहुतेक छोट्या गाड्यांमध्ये पुढे फक्त टोच कमी-जास्त करता येतो. कॅम्बर-कॅस्टर कंपनीनेच पक्के केलेले असतात. त्यांत फरक दिसला तर लोअर आर्म (चाकाला गाडीशी जोडणारा खालचा दांडा) वाकलाय का, बुश (त्याच्या सांध्यातलं रबर) गेलाय का, ते शोधावं लागतं. म्हणजे कारण दुसरीकडे आहे, हे पहिल्या दिवशीच त्या कागदावर छापलेलं होतं. तो वाचून तुम्हाला सांगणं माझं काम होतं.

दुसऱ्या वेळी मी स्वतः गाडी घेऊन एमआयडीसीतल्या सपाट काँक्रीटच्या रस्त्यावर गेलो. हायवेवर मुद्दाम गेलो नाही, कारण पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला बाहेरच्या बाजूला उतार दिलेला असतो. आपण डावीकडून चालवतो, त्यामुळे चांगली गाडीसुद्धा तिथे हळूहळू डावीकडे सरकते. तुमची गाडी सपाटीवरही चांगलीच ओढत होती. तुमची तक्रार शंभर टक्के खरी आहे.

निघण्यापूर्वी चारही टायरची हवा बघितली होती, सारखी होती. ब्रेक दाबला तेव्हा गाडी सरळ थांबली. परत आल्यावर दोन्ही रिमजवळ हात नेऊन बघितला. कॅलिपर, म्हणजे ब्रेक पॅड दाबणारा भाग, अडकला असता तर त्या बाजूची रिम जास्त तापली असती; दोन्ही सारख्याच होत्या. जॅकवर घेऊन चाकं हाताने फिरवली, दोन्ही मोकळी. लोअर आर्म, बुश, टायरॉड एंड (स्टेअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा) घट्ट. मग पुढची दोन्ही चाकं डावी-उजवी बदलली आणि त्याच रस्त्यावर पुन्हा गेलो. या वेळी गाडी उजवीकडे ओढली. दोष गाडीत असता तर चाकं बदलूनही ती डावीकडेच गेली असती. चाकांबरोबर ओढ बाजू बदलते, म्हणजे दोष टायरमध्ये आहे.

घरात स्टीलचा पेला, तळाशी अरुंद आणि तोंडाशी रुंद असा, आडवा करून फरशीवर सोडून बघा. तो सरळ जात नाही, गोल वळतो. टायरच्या आतले तारांचे पट्टे किंचित एका बाजूला सरकलेले असले तर टायर त्या पेल्यासारखा वागतो. बाहेरून काही दिसत नाही, नक्षी नवी असते, बॅलन्सिंगही बरोबर येतं. अलाइनमेंट मशीन तर टायरच्या आतलं मोजतच नाही.

हे सगळं तुम्ही माझ्या शेजारी बसलेले असताना व्हायला हवं होतं. तुम्ही समोर चहाला गेला होतात आणि मी थांबलो नाही. तुम्ही परत आलात तेव्हा चाकं होती तशी लावून झाली होती, आणि मुलाने ‘दोन टायर टाका’ एवढंच सांगितलं. ते ऐकून कोणालाही विक्रीचा डाव वाटेल. त्यात ते सांगणंही चुकीचं होतं. तुमचे टायर फक्त नऊ हजार किलोमीटर चाललेत, ते टाकून द्यायची गरज नाही. पुढचे मागे आणि मागचे पुढे केले की ओढ बहुतेक जाते, कारण असा टायर मागे असला तर स्टेअरिंगवर त्याचा परिणाम फारच कमी होतो. एवढ्या कमी वापरात असा दोष निघाला तर टायर कंपनीकडे क्लेमही टाकता येतो. निर्णय त्यांचा असतो, पण कागद मी तयार करून देतो.

दोन्ही वेळचे मिळून ९०० रुपये तुम्हाला परत करतोय. पहिल्या वेळी टोचं काम झालं हे खरं, पण तुम्ही ज्यासाठी आलात ते झालं नाही. चाकांची अदलाबदलही मोफत करू. रविवारी सकाळी नऊच्या आधी आलात तर एमआयडीसीतला रस्ता रिकामा असतो. स्टेअरिंग तुमच्याच हातात द्या, मी बाजूला बसतो. अदलाबदल करण्याआधी एक फेरी आणि नंतर एक फेरी मारू. त्यानंतरही ओढली तर रॅम्पवर घेऊन पुन्हा पहिल्यापासून तपासू, त्याचेही पैसे नाहीत.

तोवर एक विनंती. तुम्ही लिहिलंय की हायवेवर ऐंशीच्या वेगात स्टेअरिंग सोडून बघितलं. कृपा करून तसं करू नका. हात स्टेअरिंगवर नुसते हलके ठेवले तरी ओढ कळते. आणि ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला जायला लागली, तर रविवारची वाट न बघता त्याच दिवशी या.