लेफ्टनंट डॅनचे पाय आणि एक ढकलपत्र

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे एक ढकलपत्र माझ्यापर्यंत तीन वेगवेगळ्या गटांतून येऊन पोहोचले. चाकांच्या खुर्चीत बसलेला, केस आणि दाढी वाढलेला, दोन्ही पाय गुडघ्यापासून नसलेला एक माणूस छायाचित्रात दिसतो आणि त्याखाली मजकूर आहे तो थोडक्यात असा: हा अमेरिकी अभिनेता गॅरी सिनीस. व्हिएतनामच्या युद्धात त्याने दोन्ही पाय गमावले. ‘फॉरेस्ट गंप’ या चित्रपटात त्याने स्वतःचीच कहाणी साकारली आणि ऑस्कर पटकावले. त्या यशानंतर त्याला आपल्या सैनिकांची आठवण झाली. देशभक्तीपायी हॉलिवूडने त्याच्यावर बहिष्कार घातला, तेव्हा अभिनयाला रामराम ठोकून त्याने स्वतःच्या खिशातून जखमी सैनिकांना घरे बांधून दिली. आणि शेवटी नेहमीचा टोमणा, की आपल्याकडच्या एका तरी नटाने असे काही केले आहे काय?

युद्धात पाय गमावलेल्या माणसाला सैनिकांची आठवण होण्यासाठी चित्रपट चालावा लागला, ही विसंगती मजकूर लिहिणाऱ्याच्या लक्षात आली नाही, आणि तो पुढे पाठवणाऱ्यांच्याही आली नाही. पाठवणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही, कारण सैनिकांविषयीच्या आदरापोटीच हा मजकूर एका हातातून दुसऱ्या हातात जातो. परंतु त्यातले जवळजवळ प्रत्येक विधान चुकीचे किंवा अर्धवट आहे, आणि या चुकांमुळे सिनीस यांच्या कामातली सर्वांत सांगण्याजोगी गोष्ट नेमकी झाकली जाते.

पहिले विधान पायांचे. सिनीस यांचा जन्म 17 मार्च 1955 रोजी शिकागोजवळच्या ब्लू आयलंड या गावी झाला, म्हणजे त्यांना अठरावे वर्ष पूर्ण झाले ते मार्च 1973 मध्ये. व्हिएतनाममधला अमेरिकेचा प्रत्यक्ष सहभाग संपवणारा पॅरिस करार त्याच वर्षीच्या जानेवारीत झाला होता, आणि सक्तीच्या सैन्यभरतीतली शेवटची तुकडी त्याआधी, डिसेंबर 1972 मध्ये बोलावली गेली होती. सिनीस सैन्यात कधीच नव्हते, आणि त्यांनी स्वतः ही गोष्ट कधी लपवलेली नाही. त्यांचे दोन्ही पाय शाबूत आहेत. ढकलपत्रातले छायाचित्र चित्रपटातल्या लेफ्टनंट डॅन टेलर या पात्राचे आहे. चित्रीकरणाच्या वेळी गुडघ्याखालच्या भागावर निळे कापड गुंडाळले जाई आणि नंतर संगणकाच्या साहाय्याने तेवढा भाग चित्रातून पुसला जाई. 1994 मध्ये हे तंत्र इतके नवे होते, की प्रेक्षकांना अभिनेता खरोखरच अपंग आहे असे वाटले तर त्यात नवल नव्हते. तीस वर्षांनंतर, प्रत्येकाच्या खिशातला फोन चित्रातून हवे ते पुसून देतो अशा काळात, तोच समज टिकून राहावा याचे मात्र नवल वाटते.

या चुकीकडे ‘भावना समजून घ्या’ म्हणून काणाडोळा करावा असे मला वाटत नाही. व्हिएतनाममधून पाय, हात किंवा दृष्टी गमावून परतलेले हजारो खरे सैनिक आहेत. त्यांची जखम ज्याच्या अंगावर कधी झालीच नाही त्याच्या नावावर लिहिणे, हे त्या सैनिकांवर अन्याय करणारे आहे, आणि आयुष्यभर ‘मी सैनिक नाही, मी सैनिकांचा ऋणी आहे’ हीच भूमिका घेतलेल्या अभिनेत्यावरही.

ऑस्करविषयी थोडक्यात. या भूमिकेसाठी सिनीस यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचे नामांकन मिळाले होते, पुरस्कार मात्र ‘एड वुड’मधल्या भूमिकेसाठी मार्टिन लँडाऊ यांना मिळाला. ‘फॉरेस्ट गंप’ला त्या वर्षी सहा ऑस्कर मिळाले आणि त्यात टॉम हँक्स यांचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार होता, ढकलपत्राचा घोटाळा बहुधा तिथे झाला असावा.

आता ‘यशानंतर आठवण झाली’ या विधानाकडे वळू, कारण खरी हकीकत इथे आहे आणि ती नेमकी उलट्या क्रमाने घडलेली आहे. सिनीस मुळात रंगभूमीचे माणूस. शाळेतल्या नाटकात काम करता करता त्यांना हा नाद लागला, आणि 1974 मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, टेरी किनी आणि जेफ पेरी या मित्रांसोबत त्यांनी ‘स्टेपनवुल्फ’ ही नाट्यसंस्था काढली. सुरुवातीच्या काळात या मंडळींनी एका चर्चच्या तळघरात प्रयोग केले, जिथे प्रेक्षकांपेक्षा नटांची संख्या जास्त भरण्याची धास्ती असे. आपल्याकडच्या प्रायोगिक रंगभूमीवर उमेदीची वर्षे घालवलेल्या कोणालाही ते दिवस डोळ्यांपुढे आणायला फार कल्पना लढवावी लागणार नाही. जॉन माल्कोविच, जोन अ‍ॅलन, लॉरी मेटकाफ हे पुढे नावारूपाला आलेले कलावंत याच संस्थेतले. व्हिएतनामचे युद्ध चालू असताना आपण शाळेत गिटार आणि नाटके यांत दंग होतो, आणि आपल्याहून चार-पाच वर्षांनी मोठी मुले तिकडे मरत होती याचे आपल्याला भानही नव्हते, अशी कबुली सिनीस यांनी पुढे अनेकदा दिली आहे.

हे भान त्यांना आले ते सासरच्या माणसांमुळे. याच नाट्यसंस्थेतल्या अभिनेत्री मॉयरा हॅरिस यांच्याशी त्यांचा विवाह 1981 मध्ये झाला, आणि मॉयरा यांचे भाऊ व्हिएतनाममध्ये लढलेले होते. त्यांपैकी मॅक हॅरिस हे वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतून बाहेर पडलेले अधिकारी. परत आलेल्या सैनिकांना गणवेश लपवून घरी जावे लागले, विमानतळावर शिव्या ऐकाव्या लागल्या, पुढची दहा वर्षे या युद्धाविषयी चकार शब्द काढता आला नाही, हे सारे सिनीस यांनी मेव्हण्यांच्या तोंडून, घरच्या बैठकीत ऐकले. मॅक हॅरिस 1983 मध्ये कर्करोगाने गेले. सिनीस दांपत्याने पुढे आपल्या मुलाला त्यांचेच नाव दिले.

त्याआधी, 1980 मध्ये, लॉस एंजेलिसमध्ये ‘ट्रेसर्स’ हे नाटक रंगभूमीवर आले होते. जॉन डिफुस्को आणि त्यांचे सहकारी, म्हणजे व्हिएतनामहून परतलेले सैनिकच, यांनी आपापल्या अनुभवांतून ते उभे केले होते आणि स्वतःच सादर केले होते. सिनीस यांनी ते पाहिले, ते त्यांच्या मनातून जाईना, आणि अखेर 1984 मध्ये त्यांनी ते स्टेपनवुल्फमध्ये दिग्दर्शित केले. शिकागो परिसरातले माजी सैनिक हे नाटक बघायला येऊ लागले, प्रयोगानंतर बसून राहू लागले, बोलू लागले. त्यातूनच माजी सैनिकांना विनामूल्य जेवण आणि विनामूल्य प्रयोग असा ‘व्हेट्स नाइट’चा उपक्रम सुरू झाला आणि तो संस्थेत टिकला. तेव्हा सिनीस यांना शिकागोच्या नाट्यवर्तुळाबाहेर फारसे कोणी ओळखत नव्हते, कोणी टाळ्या वाजवाव्यात अशी ती जागाही नव्हती, आणि ‘फॉरेस्ट गंप’ अजून दहा वर्षे दूर होता. लेफ्टनंट डॅनच्या भूमिकेसाठी त्यांना विचारणा झाली तेव्हा, व्हिएतनामच्या सैनिकाची भूमिका करण्याची आपली आधीपासूनच तीव्र इच्छा होती, असे ते सांगतात, आणि ती का होती हे वरच्या घटनाक्रमावरून कळते.

चित्रपटाने काहीच बदलले नाही असा मात्र याचा अर्थ नव्हे, आणि प्रतिवादाच्या भरात तेही म्हणणे चुकीचे ठरेल. चित्रपट 6 जुलै 1994 रोजी प्रदर्शित झाला आणि अवघ्या काही आठवड्यांत ‘डिसेबल्ड अमेरिकन व्हेटरन्स’ या संघटनेने सिनीस यांना शिकागो इथल्या आपल्या राष्ट्रीय अधिवेशनाला बोलावले. दोन हजारांहून अधिक जायबंदी सैनिकांनी, त्यांतल्या कित्येकांनी चाकांच्या खुर्चीतून, त्यांचे स्वागत केले. त्यामागे कारण होते. तोवर अमेरिकी पडद्यावरचा व्हिएतनामचा सैनिक बहुतेक वेळा व्यसनी, वेडापिसा किंवा आत्मघाताच्या कड्यावर उभा असलेला दाखवला जाई आणि गोष्ट तिथेच संपे. लेफ्टनंट डॅनही त्या दरीत उतरतो, देवाला शिव्या देतो, दारूत बुडतो. पण गोष्टीच्या शेवटी तो धंद्यात यशस्वी झालेला, लग्न ठरलेला आणि कृत्रिम पायांवर उभा राहिलेला दिसतो. जायबंदी सैनिकांना आपल्या पुढच्या आयुष्याची शक्यता पडद्यावर प्रथमच दिसली, आणि म्हणून ते पात्र त्यांनी आपलेसे केले. सिनीस यांचे या संघटनेशी नाते तेव्हापासूनचे. वॉशिंग्टनमध्ये कायमचे अपंगत्व आलेल्या सैनिकांचे जे राष्ट्रीय स्मारक 5 ऑक्टोबर 2014 रोजी खुले झाले, त्याच्या निधीसंकलनाचे ते प्रवक्ते होते.

दुसरे वळण 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यांनंतरचे, आणि ते सिनीस स्वतः सर्वांत निर्णायक मानतात. अफगाणिस्तान आणि इराकमधून परतणाऱ्या सैनिकांची गत व्हिएतनामहून परतलेल्या आपल्या मेव्हण्यांसारखी होऊ नये, या विचाराने 2003 पासून ते सैनिकांच्या मनोरंजनासाठी काम करणाऱ्या ‘यूएसओ’ या संस्थेबरोबर छावण्या आणि लष्करी रुग्णालये पालथी घालू लागले. तिथे कोणी त्यांना गॅरी म्हणून हाक मारत नसे, जो तो ‘लेफ्टनंट डॅन’ म्हणूनच ओळखे, म्हणून व्हिएतनाममध्ये लढलेले संगीतकार किमो विल्यम्स यांच्यासोबत काढलेल्या वाद्यवृंदाचे नावही ‘लेफ्टनंट डॅन बँड’ पडले. त्यात सिनीस बेस गिटार वाजवतात. इराकमधल्या शाळांची अवस्था पाहून आल्यावर 2004 मध्ये लेखिका लॉरा हिलेनब्रँड यांच्यासह तिथल्या मुलांना शालेय साहित्य पोहोचवणारा उपक्रमही त्यांनी सुरू केला. तो ढकलपत्राच्या चौकटीत बसत नसल्यामुळे असेल, पण त्याचा उल्लेख त्यात नाही.

बहिष्काराचे विधान तर तारखांसमोर क्षणभरही टिकत नाही. ‘अपोलो 13’ हा चित्रपट 1995 चा. त्याच वर्षी साकारलेल्या राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या भूमिकेसाठी सिनीस यांना गोल्डन ग्लोब मिळाला, आणि पुढे अलाबामाचे गव्हर्नर जॉर्ज वॉलेस यांच्या भूमिकेसाठी एमी हा दूरचित्रवाणीचा पुरस्कार. सैनिकांसाठीचे त्यांचे काम सर्वाधिक गाजत होते त्याच काळात, 2004 ते 2013 अशी सलग नऊ पर्वे, ते ‘सीएसआय: न्यूयॉर्क’ या लोकप्रिय मालिकेचे नायक होते, आणि त्यांनी रंगवलेला पोलीस अधिकारी हा अमेरिकी मरीन दलातला माजी सैनिक होता. 2017 मध्ये हॉलिवूडच्या ‘वॉक ऑफ फेम’वर त्यांच्या नावाचा तारा बसवला गेला. त्यांचे राजकीय विचार उजवीकडे झुकणारे आहेत आणि हॉलिवूडमधल्या तशा विचारांच्या कलावंतांना एकत्र आणण्यात त्यांचा पुढाकार होता हे खरे, पण ज्याच्यावर बहिष्कार असतो त्याला प्रमुख वाहिनीवर नऊ वर्षे कोणी नायक ठेवत नाही.

अलीकडच्या काळात ते पडद्यावर फारसे दिसत नाहीत, यामागचे कारण मात्र घरचे आणि फार दुःखाचे आहे. 2018 मध्ये काही आठवड्यांच्या अंतराने पत्नीला स्तनांचा कर्करोग आणि मुलगा मॅक याला कॉर्डोमा हा हाडांचा दुर्मीळ कर्करोग असल्याचे निदान झाले. पत्नी बऱ्या झाल्या. मुलाच्या उपचारांसाठी सिनीस यांनी अभिनयातून अंग काढून घेतले. तो मुलगा 5 जानेवारी 2024 रोजी, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी गेला. मामाचे नाव घेतलेला हा मुलगा मामासारखाच कर्करोगाने गेला. अभिनयापासून दूर होण्याच्या या निर्णयाला देशभक्तीपायी केलेला त्याग म्हणून वाजतगाजत फिरवणे मला अशोभनीय वाटते.

घरांचे विधान अर्धे खरे आहे. ‘गॅरी सिनीस फाउंडेशन’ ही संस्था 2011 मध्ये स्थापन झाली. हात-पाय गमावलेल्या सैनिकांसाठी त्यांच्या गरजेप्रमाणे आखलेली, रुंद दारांची, खालीवर सरकणाऱ्या ओट्यांची, दिवे-पडदे फोनवरून हलवता येतील अशी 80 हून अधिक घरे तिने उभी केली आहेत, आणि त्या घरांवर कर्जाचा बोजा नसतो. मात्र हा पैसा एका नटाच्या खिशातला नव्हे. ती नोंदणीकृत धर्मादाय संस्था आहे आणि सामान्य नागरिकांच्या तसेच कंपन्यांच्या देणग्यांवर चालते. सिनीस आपले नाव, वेळ, वाद्यवृंद आणि स्वतःचे धनही त्यात घालतात. ‘एकट्याने केले’ असे म्हणताना शंभर-दोनशे डॉलर पाठवणाऱ्या हजारो माणसांना आपण खोडून टाकतो.

राहता राहिला शेवटचा टोमणा. 1962 च्या चीन युद्धाच्या काळापासून सुनील दत्त आणि नर्गिस यांचे ‘अजंता आर्ट्स’ पथक सीमेवरच्या चौक्यांवर जाऊन जवानांसमोर कार्यक्रम करीत असे. नाना पाटेकर यांनी 1991 च्या ‘प्रहार’साठी मराठा लाइट इन्फंट्रीत प्रशिक्षण घेतले, प्रादेशिक सेनेत ते अधिकारी झाले आणि 1999 मध्ये कारगिलच्या युद्धकाळात सीमेवर गेले. निमलष्करी दलांतल्या शहिदांच्या कुटुंबांना थेट देणगी देता यावी म्हणून एप्रिल 2017 मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने सुरू केलेल्या ‘भारत के वीर’ या व्यवस्थेमागची कल्पना अक्षय कुमार यांची होती. सिनीस यांच्यासारखे तीस-चाळीस वर्षे सलग, संस्था उभारून केलेले काम आपल्याकडच्या नटांच्या नावावर नाही, हे मी मान्य करतो. पण त्याचा अर्थ आपल्याकडे जायबंदी सैनिकांसाठी काही नाही असा होत नाही. त्यांना हस्तकौशल्याचे शिक्षण देणारी क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट ही संस्था 1917 पासूनची आहे आणि ती पुण्याजवळ खडकीत आहे. सैन्याचे कृत्रिम अवयव केंद्र पुण्यातच 1944 पासून पाय बनवते आहे. आणि मणक्याला मार बसून चाकांच्या खुर्चीला खिळलेले जवान ज्या पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्रात राहतात, खेळतात आणि काम करतात, तेही 1974 पासून खडकीतच आहे, स्वारगेटहून एका बसच्या अंतरावर.