टॉवरवरचे मेश नोड ‘आपोआप’ जुळत नाहीत: एका लोकप्रिय सल्ल्याचा प्रतिवाद

अमेरिकेतल्या हॅम (परवाना घेतलेल्या हौशी रेडिओवाल्या) मंडळींमध्ये एआरईडीएन, म्हणजे आपत्काळात इंटरनेटशिवाय चालणारं हौशी रेडिओचं डेटा नेटवर्क, चांगलं रुजलं आहे. युबिक्विटी, मायक्रोटिक, टीपी-लिंक यांची बाजारात मिळणारी वायफाय उपकरणं घ्यायची, त्यांत ओपनडब्ल्यूआरटी या राउटरच्या मुक्त प्रणालीवर बेतलेलं एआरईडीएनचं फर्मवेअर (उपकरणातलं सॉफ्टवेअर) भरायचं आणि हॅम परवान्याखाली चालवायची. असं एक उपकरण म्हणजे एक नोड, आणि एकमेकांचा डेटा पुढे पाठवणाऱ्या नोडचं जाळं म्हणजे मेश. एक नोड उभारणं सोपं आहे. घरच्या टॉवरवर तीन दिशांना तीन नोड चढवायचे म्हटलं की एक सल्ला हमखास मिळतो: ‘सगळे एकाच चॅनेलवर ठेवा, रेडिओवरूनच एकमेकांना शोधतील. केबलने जोडायचेच असतील तर कुठलाही साधा स्विच चालतो. पीओई कुठलंही लावा. टॉवरच्या पायथ्याशी अर्थिंगचा रॉड ठोका, झालं.’ (पीओई म्हणजे इथरनेट केबलमधूनच दिलेली वीज.) यातला एकही मुद्दा टिकत नाही.

आधी चॅनेल. नोड खरोखरच एकमेकांना शोधतात, म्हणूनच हा सल्ला पटतो. पण एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं. उत्तरेच्या डोंगरावरून आलेला डेटा दक्षिणेला पाठवायचा असेल तर तो आधी डोंगरावरून तुमच्या उत्तरेच्या नोडकडे येतो, तिथून दक्षिणेच्या नोडकडे जातो आणि मग पुढे. त्याच हवेत तीन प्रक्षेपणं झाली, म्हणजे वेग जेमतेम एक तृतीयांश उरला. मधला टप्पा केबलवर टाकला आणि दोन दिशांना दोन चॅनेल दिले, तर एक नोड घेत असतानाच दुसरा पाठवू शकतो. टॉवरवर अनेक नोड लावायचे ते याचसाठी.

जवळिकीचा प्रश्न त्याहून मोठा आहे. ५.८ गिगाहर्ट्झला एका मीटर अंतरात सिग्नल साधारण ४८ डेसिबलने घटतो. नोड २८ डीबीएमने (एक मिलिवॅटच्या तुलनेत मोजलेली ताकद) पाठवतोय आणि दोन्ही अँटेनांची पाठ एकमेकींकडे असल्यामुळे प्रत्येकी १० डेसिबल आणखी घटले असं धरा. तरी शेजारच्या नोडच्या कानात सुमारे उणे ४० डीबीएम पोचतात, आणि दूरचा नोड बोलतोय उणे ७५ वर. फरक ३५ डेसिबलचा, म्हणजे सुमारे तीन हजार पट. चॅनेल बदलला तरी तो लगतचाच असेल तर सुटका नाही. वायफायच्या मानकात लगतच्या चॅनेलला दाबण्याची किमान अपेक्षा सर्वात संथ दराला १६ डेसिबल आहे, ५४ मेगाबिटला ती उणे १ वर येते. म्हणून लिंक तुटत नाही, फक्त संथ दरावर घसरते, आणि माणूस फर्मवेअरला दोष देत बसतो. ५ गिगाहर्ट्झचे दोन नोड पट्ट्याच्या दोन टोकांना ठेवावेत. तिसरा २.४ गिगाहर्ट्झला, शक्यतो उणे २ या चॅनेलवर, २३९७ मेगाहर्ट्झला १० मेगाहर्ट्झ रुंदीने चालवावा, कारण तिथे शेजाऱ्यापाजाऱ्यांचं वायफाय नसतं. उभं अंतर एक-दोन मीटर ठेवता आलं तर जरूर ठेवावं. हे चॅनेल अमेरिकन परवान्याचे आहेत. भारतातून कोणी नोड उभारणार असेल तर आकडे जसेच्या तसे उचलू नयेत, आपल्या परवान्यातले पट्टे पाहावेत.

चॅनेल, रुंदी आणि एसएसआयडी (नेटवर्कचं नाव) समोरच्या टोकाशी जुळायला हवेत, टॉवरवरच्या शेजाऱ्याशी नव्हे. फर्मवेअरचा कलही केबलकडेच आहे. पूर्वीच्या ओएलएसआर राउटिंगमध्ये (डेटाची वाट निवडण्याच्या पद्धतीत) केबलच्या दुव्याचा खर्च ०.१ धरला जाई आणि रेडिओचा उत्तमातला उत्तम १. आता तिच्या जागी बॅबेल ही पद्धत आली आहे, तरी पसंती केबललाच. दुव्यांची प्रत तपासणारा फर्मवेअरमधला लिंक क्वालिटी मॅनेजर चालू असेल तर केबलने जोडलेल्या नोडशी असलेला रेडिओ दुवा तो स्वतःच अडवतो.

आता ‘कुठलाही स्विच’. सर्वाधिक वेळ इथेच वाया जातो, म्हणून जरा सावकाश.

नोडच्या एकाच इथरनेट केबलमधून तीन वेगळी नेटवर्कं धावतात. ती वेगळी ओळखू यावीत म्हणून फ्रेमला, म्हणजे डेटाच्या पाकिटाला, क्रमांकाचा टॅग लावतात; अशा प्रत्येक नेटवर्कला व्हीलॅन म्हणतात. टॅग नसलेलं ते त्या नोडचं लॅन, म्हणजे त्याला जोडलेल्या संगणक-फोनचं स्थानिक नेटवर्क. व्हीलॅन १ च्या टॅगसह येतं ते वॅन, म्हणजे घरच्या इंटरनेटची वाट. व्हीलॅन २ म्हणजे डीटीडी, एका नोडला दुसऱ्याशी जोडणारा दुवा. साधा स्विच हे टॅग वाचत नाही. बहुतेक स्विच टॅगवाली फ्रेम तशीच पुढे ढकलतात, त्यामुळे डीटीडी जुळतो आणि सगळं ठीक वाटतं. पण त्याच वेळी तिन्ही नोडची लॅन एकत्र मिसळतात, आणि प्रत्येक नोडमध्ये डीएचसीपी सर्व्हर, म्हणजे उपकरणांना पत्ते वाटणारा भाग, असतो. संगणकाला पत्ता कोण देणार? जो आधी उत्तर देईल तो. आज उत्तरेचा, उद्या वीज जाऊन आल्यावर दक्षिणेचा. तुम्ही कॅमेरा किंवा आयपी फोन उत्तरेच्या नोडवर नोंदवलेला असतो आणि त्याला पत्ता मिळतो दक्षिणेच्या नोडचा. मग सेवा यादीत दिसते पण उघडत नाही. संशय आला तर विंडोजमध्ये ‘आयपीकॉन्फिग /ऑल’ चालवून डीएचसीपी सर्व्हरच्या ओळीतला पत्ता पाहावा. दर वेळी तो बदलत असेल तर रोग हाच.

काही जुने स्विच वेगळंच दुखणं देतात. साधी फ्रेम जास्तीत जास्त १५१८ बाइटची, टॅग लागला की १५२२ ची. ते वरचे चार बाइट न पेलणारा स्विच मोठी फ्रेम टाकून देतो. नोडची ओळख देणारी पाकिटं छोटी असल्यामुळे शेजाऱ्यांच्या यादीत दुवा अगदी निरोगी दिसतो, पिंगही जातो, पण पान उघडायला गेलं की अर्ध्यावर अडकतं. हे लक्षण दिसलं की रेडिओला हात न लावता आधी स्विच बदला.

उपाय म्हणजे व्हीलॅन समजणारा स्विच. नेटगिअर जीएस१०८ई सारखा आठ पोर्टचा साधा मॅनेज्ड स्विच पुरतो. मांडणी पुढे दिली आहे. तिच्यात टॅग्ड म्हणजे त्या पोर्टवर फ्रेम टॅगसह जाते, अनटॅग्ड म्हणजे टॅगशिवाय, आणि पीव्हीआयडी म्हणजे टॅग नसलेली आत आलेली फ्रेम ज्या व्हीलॅनमध्ये धरायची त्याचा क्रमांक. मुख्य नोड म्हणजे घरच्या इंटरनेटला जोडलेला. पोर्ट १ घरच्या राउटरला, व्हीलॅन १ अनटॅग्ड, पीव्हीआयडी १. पोर्ट २ मुख्य नोडला: व्हीलॅन १ टॅग्ड, २ टॅग्ड, १० अनटॅग्ड, पीव्हीआयडी १०. पोर्ट ३ दुसऱ्या नोडला: २ टॅग्ड, ३० अनटॅग्ड, पीव्हीआयडी ३०. पोर्ट ४ तिसऱ्याला: २ टॅग्ड, ४० अनटॅग्ड, पीव्हीआयडी ४०. पोर्ट ५ ते ८ संगणक, फोन, कॅमेऱ्यासाठी: १० अनटॅग्ड, पीव्हीआयडी १०. व्हीलॅन ३० आणि ४० मध्ये दुसरं कोणीच नाही, त्यामुळे त्या नोडचं डीएचसीपी भिंतीवर आपटून थांबतं. ते दोन नोड मेशमधून त्यांच्या नावाने उघडतात, वेगळी वाट लागत नाही.

चूक बहुधा एकाच जागी होते. नवीन स्विचमध्ये सगळे पोर्ट व्हीलॅन १ चे अनटॅग्ड सदस्य असतात. नवे व्हीलॅन भरले, पीव्हीआयडी बदलले, पण पोर्ट २, ३ किंवा ४ वरून व्हीलॅन १ चं अनटॅग्ड सदस्यत्व काढायचं राहिलं, की अर्धवट गळती सुरू. पीव्हीआयडीही १ च राहिला तर घरच्या लॅपटॉपना नोडकडून १० ने सुरू होणारे पत्ते मिळतात आणि घरचं इंटरनेट बसतं. सदस्यत्व आणि पीव्हीआयडी या दोन वेगळ्या पानांवरच्या सेटिंग आहेत. दोन्ही पोर्टगणिक तपासा.

मायक्रोटिकचा एचएपी एसी लाइट मुख्य नोड म्हणून घरात ठेवलात तर काम सोपं होतं. त्यात पोर्ट १ वॅन, २ ते ४ लॅन आणि ५ डीटीडी असं आधीच ठरलेलं असतं. पोर्ट ५ ची केबल स्विचच्या पोर्ट २ ला द्यायची आणि त्या पोर्टवर फक्त व्हीलॅन २ टॅग्ड ठेवायचा.

‘पीओई कुठलंही’ हे वाक्य महाग पडतं. युबिक्विटीच्या जुन्या एम मालिकेतले रॉकेटसारखे नोड २४ व्होल्टच्या पॅसिव्ह पीओईवर चालतात: केबलच्या ४-५ क्रमांकाच्या तारांवर धन, ७-८ वर ऋण, कुठलीही विचारपूस नाही. ८०२.३एएफ या पीओईच्या मानकाचा स्विच आधी समोरच्याची ओळख तपासतो, ती पटली नाही तर वीजच सोडत नाही. नोड नुसता मेलेला दिसतो, नुकसान होत नाही. उलट ४८ व्होल्टचा पॅसिव्ह इंजेक्टर त्याच नोडला लावला तर तो जळतो. वर छोटा स्विच ठेवून एकाच केबलमधून तिघांना वीज द्यायची असेल तर हिशोब करा. कॅट ५ई च्या ३० मीटरला दोन-दोन तारा मिळून जाण्यायेण्याचा रोध सुमारे २.८ ओहम. प्रत्येकी ८ वॅटचे तीन नोड एक अँपिअर ओढतात, म्हणजे जवळपास ३ व्होल्ट वाटेतच गेले. तीन नोडपर्यंत प्रत्येकाला स्वतंत्र केबल आणि खाली स्वतंत्र इंजेक्टर हेच बरं. एक बिघडला की बाकीचे चालू राहतात, आणि खांबावर चढून स्विच बदलावा लागत नाही.

राहिला रॉड. टॉवरचा रॉड घराच्या अर्थिंगपासून सुटा असेल तर वीज जवळपास पडल्यावर दोन्ही अर्थिंगच्या विद्युतदाबात प्रचंड फरक पडतो, आणि तो फरक मिटवणारी सर्वात सोपी तार म्हणजे तुमची इथरनेट केबल. अमेरिकेच्या विद्युत संहितेत, एनईसीच्या कलम ८१० मध्ये, हे दोन अर्थिंग किमान ६ गेज तांब्याच्या तारेने जोडणं सक्तीचं आहे. केबल शील्ड असलेली आणि बाहेरच्या उन्हासाठी बनवलेली हवी, कनेक्टरही धातूच्या आवरणाचे. प्लास्टिकचे लावले तर शील्ड अधांतरीच राहतं. प्रत्येक केबलवर पीओई चालेल असा गॅस ट्यूबवाला सर्ज प्रोटेक्टर घरात शिरण्याच्या जागीच बसवा आणि त्याची अर्थिंगची तार आखूड व सरळ ठेवा. भिंतीतून आत जाण्याआधी केबलला खाली झोळ द्या, म्हणजे पावसाचं पाणी प्रोटेक्टरच्या डब्यात न शिरता तिथेच ठिबकेल.