डॅनियल बून वॉशिंग्टनच्या फौजेत नव्हता

एक मेसेज फिरतोय की अमेरिकेतल्या केंटकीचा प्रसिद्ध शिकारी-वाटाड्या डॅनियल बून हा जॉर्ज वॉशिंग्टनच्या कॉन्टिनेंटल आर्मीत, म्हणजे अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धातल्या नियमित सैन्यात, कर्नल होता आणि बून आडनावाचे सगळे त्याचेच वंशज. दोन्ही चुकीचं आहे.

बून लढला हे खरंच, पण व्हर्जिनियाच्या मिलिशियात, म्हणजे गावकऱ्यांच्या फौजेत, तेव्हा केंटकी व्हर्जिनियातच होतं ना. १७५५ मध्ये ब्रिटिश सेनापती ब्रॅडॉकच्या मोहिमेत तो गाडीवान होता, वॉशिंग्टनही त्याच मोहिमेत होता, बहुतेक तिथूनच गोंधळ झाला असावा. १७७८ मध्ये शॉनी या तिथल्या आदिवासी जमातीच्या लोकांनी त्याला पकडलं, तो पळून आला, मग फितुरीच्या आरोपावरून कोर्ट मार्शल झालं, त्यातून निर्दोष सुटला आणि वर मेजर केला. १९ ऑगस्ट १७८२ ला ब्लू लिक्सच्या लढाईत तो फायेट काउंटीच्या मिलिशियाचा लेफ्टनंट कर्नल होता, तिथेच त्याचा मुलगा इस्रायल डोळ्यांदेखत गेला, हे वाचताना अजूनही पोटात कालवतं.

आता वंशाचं. दहा मुलं होती, पण आडनाव पुढे नेलं ते जेसी, डॅनियल मॉर्गन आणि नेथन या तिघांनीच. डॅनियलला भाऊही बरेच, त्यामुळे तुम्ही बून असाल तर त्याच्या भावाचे किंवा चुलत्याचे वंशजही असू शकता. आणि सैन्यातली नोंद शोधताना मिलिशियाच्या याद्या बघा, नुसत्या कॉन्टिनेंटल आर्मीच्या नको.